पहिला वस्तरा: ब्लेडचा, नवा चिनी की जुना झोलिंगेनचा?

सेफ्टी रेझर हाताला बसला आहे, ब्रशने दाट फेस करता येतो, आता वस्तऱ्याची खुमखुमी आली आहे पण खिसा बेताचा आहे, असं धरून लिहितो. अशा माणसापुढे खरे पर्याय तीनच. न्हाव्याकडे असतो तसा अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा, ‘गोल्ड डॉलर ६६’ हा नवा स्वस्त चिनी वस्तरा, आणि जुन्या बाजारातून उचललेला, जर्मनीतल्या झोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचा. झोलिंगेनचा नवाकोरा वस्तरा या पैशांत बसत नाही, म्हणून तो बाजूला ठेवू. पात्यावर नागमोडी नक्षी काढून ‘डमास्कस’ म्हणून विकले जाणारे स्वस्तातले वस्तरे मात्र कुणी फुकट दिले तरी घेऊ नयेत. त्यातल्या बहुतेकांचं पोलाद धार धरण्याइतकं कडक केलेलंच नसतं.

ब्लेडच्या वस्तऱ्याला ना दगड लागतो ना धार परजायचा पट्टा. ब्लेड कागदातून न काढताच लांबीत दुमडलं की त्याचे दोन तुकडे होतात. एक आत सरकवायचा, बोथट झाला की टाकायचा. गिऱ्हाईकागणिक ब्लेड बदलता येतं म्हणून सलूनमध्ये तो रुळला, आणि तिथे तोच हवा. पण घरी शिकायला तोच सोपा, हे मला पटत नाही. ब्लेडची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर, धार साधारण ३.७ सेंटिमीटर लांब, आणि दोन्ही टोकांना काटकोनी कोपरे. खऱ्या वस्तऱ्याच्या पात्याला वजन असतं, बऱ्याच वस्तऱ्यांचं टोक गोल असतं, आणि कोन चुकला तर तो बहुधा आधी केस ओढतो, मग कापतो. ब्लेडचा वस्तरा असा इशारा देत नाही. कानाखाली आणि हनुवटीच्या वळणावर तर धारेच्या आधी कोपराच रुततो. घ्यायचाच असेल तर ब्लेडचे कोपरे धातूच्या आत झाकले जातील असा बघावा. खऱ्या वस्तऱ्याला त्वचेशी साधारण ३० अंशांचा कोन चालतो, इथे त्याहून कमी ठेवावा आणि हाताचा भार अजिबात टाकू नये. न्हाव्याचं बघून हुरळू नये, कारण त्याला गिऱ्हाईकाचा गाल समोर दिसतो आणि आपल्याला आरशात उलटा.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे.

गोल्ड डॉलर ६६ चं पोलाद चांगलं आहे, हे आधीच मान्य करतो. धार नीट बसली तर ती टिकते. नवा असल्यामुळे गंज नाही, आधी कुणी वापरलेला नाही, आणि किंमत एखाद्या बऱ्या दगडापेक्षाही कमी. फक्त तो पेटीतून काढून गालाला लावण्याजोगा नसतो. पेटीवर काहीही छापलेलं असो, धार आपल्यालाच लावावी लागते, आणि तिथेच टाचेपाशी, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकापाशी, अडतं.

वस्तऱ्याला धार लावताना पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवतात. कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. पाठ ४.२ मिलिमीटर आणि रुंदी १६ मिलिमीटर असेल तर कोन आपोआप १५ अंशांच्या आसपास येतो, हाताने काही सांभाळावं लागत नाही. ६६ मध्ये पातं संपून शेपटीचा, म्हणजे बोटांत धरायचा, जाड भाग सुरू होतो तिथे दोन्ही बाजूंनी एक उंचवटा सोडलेला आहे. पातं दगडावर पूर्ण ठेवलं की हा उंचवटा दगडावर चढतो, पाठ उचलली जाते, आणि टाचेकडची धार दगडाला लागतच नाही. मार्करने धारेच्या कडेला शाई लावून दोन-चार फेरे मारले की हे लगेच दिसतं. मधली शाई जाते, टाचेची तशीच राहते. मग माणूस जोर लावतो. जोराने पातं लवतं आणि मधली धार जास्त झिजते.

यावर उपाय दोन. पातं तिरकं धरून टाच दगडाच्या कडेबाहेर ठेवायची, पण त्यात टाचेची थोडी धार कायमची सोडून द्यावी लागते. नाहीतर उंचवटाच घासून मागे न्यायचा. साधी कानस कडक पोलादावर घसरते, त्यामुळे हिऱ्याची कानस किंवा छोटं फिरतं यंत्र लागतं. यंत्र वापरलं तर पातं हाताला सोसेनासं होण्याआधी पाण्यात बुडवायचं. पोलाद निळं पडलं की तिथला कडकपणा गेलाच. एवढं झाल्यावर १००० च्या दगडावर (आकडा मोठा तितका दगड बारीक) धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार टोकापासून टाचेपर्यंत एकमेकांना मिळवायचे. दिव्याखाली धारेवर पांढरी रेघ चमकत असेल तर ते अजून मिळालेले नाहीत. पुढे ४०००, मग ८०००, आणि जमल्यास १२०००. काही नगांत पातंही किंचित पिळलेलं असतं, मग एका बाजूला मध्य लागतो आणि दुसऱ्या बाजूला टोकं. वस्तऱ्यात वाचलेले पैसे असे दगडांत जातात आणि दाढी लांबच राहते. कुणाला हा खटाटोप आवडत असेलही. मला वाटतं पहिल्या वस्तऱ्याने माणसाला दाढी शिकवावी, कानस चालवायला नव्हे. माझं पारडं झुकलं ते या उंचवट्यामुळे.

जुना वस्तरा घेताना पारख करावी लागते, हे खरं. पण ती पाच मिनिटांत होते. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारात असे वस्तरे अधूनमधून दिसतात. सोबत भिंग न्यावं. धार सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली चालेल, मध्ये आत गेलेली नको. पाठीवरची झीज टोकापासून टाचेपर्यंत सारख्या रुंदीची असावी. ती एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला नाहीशी होत असेल तर पातं वाकडं आहे किंवा कुणीतरी चुकीचं घासलं आहे. लाल गंज पॉलिशने जातो. काळे खड्डे धारेपासून दोन-तीन मिलिमीटरांत आले असतील तर वस्तरा ठेवून द्या, दगडावर तिथली धार तुटत राहील. शेपटीला धरून पात्यावर नखाने टिचकी मारा. आवाज बद्द आला तर तडा शोधा. मूठ सेल्युलॉइडची असेल आणि मिटल्यावर जेवढं पातं आत राहतं नेमकं तेवढंच गंजलं असेल, तर मूठ सडते आहे. तिची वाफ पोलाद खाते. असा नग मूठ बदलायची तयारी असेल तरच घ्यावा.

झोलिंगेन आणि शेफील्ड यांत नवशिक्याने झोलिंगेन घ्यावा, दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेला, म्हणजे पात्याच्या बाजू आत खोलगट असलेला, ५/८ इंच रुंद. शेफील्डचे जाड पाचरीसारखे वस्तरे देखणे असतात, पण त्यांचा बराच पृष्ठभाग दगडाला लागतो आणि काम लांबतं. झोलिंगेन हे नाव १९३८ पासून कायद्याने संरक्षित आहे. शिक्क्यात देशाचं नाव नसेल तर वस्तरा १८९१ च्या आधीचा असू शकतो, कारण तेव्हापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायला लागलं. त्या कारणाने विक्रेत्याला जास्त पैसे मात्र देऊ नयेत.

घरी आणल्यावर साबणाने घासून पातं स्पिरिटने पुसावं. उकळू नये, शिंगाची किंवा सेल्युलॉइडची मूठ बिघडते. मूळ उतार शाबूत असेल तर बहुतेक वेळा ८००० पासूनच सुरुवात करता येते, १००० चा दगड विकतही घ्यावा लागत नाही. कात्र्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्या चाकवाल्याकडे मात्र वस्तरा देऊ नये. चाकाचा कोन वेगळा, आणि इतकं पातळ पातं क्षणात तापतं.

जवळ चांगला जुना नग मिळतच नसेल, किंवा दुसऱ्याने वापरलेल्या वस्तूची किळस येत असेल, तर ६६ वाईट नाही. पण तो आधीच धार लावून देणाऱ्याकडून घ्यावा, चार पैसे जास्त पडले तरी. पावसाळ्यात मुंबई-कोकणात दोन्हींची काळजी सारखीच. दाढीनंतर पातं कोरडं पुसायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवायचा, ओला वस्तरा मिटून ठेवायचा नाही.

पट्टा दोन्हींना लागतो. दाढीआधी कापडावर ३० फेरे, चामड्यावर ६०. पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाला वळवताना पाठीवरूनच उलटायचा, पट्टा ताणलेला हवा. उलटताना हात चुकला की चामड्याला चीर पडते आणि सुरुवातीला ती पडतेच, म्हणून पहिला पट्टा साधाच घ्यावा.