सागवानी चॉपिंग बोर्ड: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

चॉपिंग बोर्ड घेताना बहुतेक जण आधी रंगरूप पाहतात आणि मग स्वच्छतेची काळजी करतात. माझ्या मते पहिला प्रश्न सुरीचा असायला हवा. चिरताना पाते दर वेळी खालच्या फळीवर टेकते, आणि ती फळी पात्याला किती सामावून घेते यावर धार किती टिकणार हे ठरते. हाच विचार करून मी सागवानाचा बोर्ड घेतला आणि गेले काही महिने घरातले जवळजवळ सगळे चिरणे त्यावरच झाले आहे. काच, बांबू आणि प्लास्टिक हे तिन्ही प्रकार त्याआधी वापरून झाले होते, त्यामुळे पुढची तुलना वापरातूनच आलेली आहे.

बोर्ड ४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ४ सेंमी जाड असून त्याचे वजन साडेतीन किलोच्या आसपास आहे. लाकडाच्या लांब पट्ट्या उभ्या कडेवर ठेवून एकमेकींना चिकटवलेल्या आहेत, म्हणजे शिरा बोर्डच्या लांबीच्या दिशेने धावतात. याहून महाग बोर्डांत लाकडाचे तुकडे असे बसवतात की शिरांची टोके वर येतात. तिथे पाते ब्रशच्या केसांत शिरावे तसे तंतूंच्या मधे शिरते, तंतू कमी तुटतात आणि धारही अधिक जपली जाते. मात्र ती टोके पाणी फार लवकर शोषतात आणि सांधेही पुष्कळ असतात, त्यामुळे अशा बोर्डची निगा जास्त राखावी लागते. रोजच्या घाईच्या स्वयंपाकाला मला लांब शिरांचाच बोर्ड सोयीचा वाटला.

सागवान फार कठीण लाकूड नाही. लाकडाचा कठीणपणा जान्का चाचणीने मोजतात. ११.२८ मिमी व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला जेवढे बळ लागते, तो त्याचा आकडा. सागवानाचा आकडा सुमारे १०७० पौंड-बळ, तर बोर्डांसाठी नावाजलेल्या हार्ड मेपलचा सुमारे १४५० आहे. नुसता हा आकडा पाहिला तर सागवान सुरीला फारच मऊ ठरावे, पण त्यात मूळचाच सिलिकाचा, म्हणजे वाळूत असतो त्या कठीण खनिजाचा, अंश असतो आणि तो पात्याला हळूहळू घासतो. माझी सुरी या बोर्डवर प्लास्टिकच्या तुलनेत थोडी लवकर बोथट होते, हे मान्य करायला हवे. बांबूवर मात्र ती याहूनही लवकर बोथट होत होती. बांबू हे मुळात गवत आहे. त्यातही सिलिका असते, आणि बोर्ड बनवताना अरुंद पट्ट्या भरपूर गोंदाने जोडलेल्या असल्यामुळे पृष्ठभाग चांगलाच टणक होतो. काचेबद्दल दुमत असूच नये. काच अजिबात दबत नाही, त्यामुळे प्रत्येक टेकीला धारेची बारीक कड दुमडते आणि थोडे कांदे चिरून झाले की टोमॅटोची साल कापली न जाता दबू लागते. काचेचा, संगमरवराचा किंवा ग्रॅनाइटचा बोर्ड कणीक लाटायला खुशाल वापरावा, त्यावर सुरी चालवू नये.

लाकडात जंतू राहतात, ही शंका सर्वांनाच असते. अमेरिकेत डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले आणि ते १९९४ मध्ये ‘जर्नल ऑफ फूड प्रोटेक्शन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लाकडावर सोडलेले जंतू आत शोषले जातात आणि पृष्ठभागावरून पुन्हा सहजी मिळत नाहीत, असे त्यांना आढळले. प्लास्टिक नवे असताना चांगले धुतले जाते, पण सुरीचे चरे पडलेले प्लास्टिक हाताने नीट स्वच्छ करणे कठीण जाते, हेही त्यांनी दाखवले. याचा अर्थ लाकूड कसेही वापरावे असा मुळीच नाही. कच्चे मांस आणि मासे यांसाठी मी पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकचा वेगळा बोर्ड ठेवला आहे, कारण तो डिशवॉशरमध्ये कडकडीत गरम पाण्याने धुता येतो. कोशिंबिरीसारखे न शिजवता खायचे पदार्थ त्याच्या जवळही येऊ देत नाही. स्वयंपाकघरात एकच बोर्ड ठेवण्याच्या मी ठाम विरोधात आहे.

खरी कसोटी निगेची आहे. पहिल्या काही धुण्यांनंतर सागवानाचा पृष्ठभाग खरखरीत झाला. ओल्या लाकडाचे तंतू फुगून वर उठतात, त्याचा हा परिणाम. पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने शिरांच्या दिशेने हलका हात फिरवला आणि तेल लावले, तेव्हापासून तो गुळगुळीत राहिला आहे. तेल खाद्यपदार्थांना चालणारे मिनरल ऑइलच हवे. स्वयंपाकाची बहुतेक तेले लाकडात मुरून काही दिवसांनी खवट होतात आणि तो वास मग चिरलेल्या फळांनाही लागतो. तेल लावायची वेळ झाली की नाही, हे पाण्याचा थेंब सांगतो: थेंब गोल उभा राहिला तर घाई नाही, पसरून गडद डाग उमटला तर रात्री तेल चोळून ठेवायचे आणि सकाळी वरचे पुसून टाकायचे.

वाळवण्याची पद्धत त्याहून महत्त्वाची आहे. लाकूड शिरांच्या लांबीत फारसे हलत नाही, पण रुंदीत फुगते आणि आकसते. धुतलेला बोर्ड ओट्यावर आडवा ठेवला तर वरची बाजू वाळते, खालची ओलीच राहते आणि दोन्हींच्या ओढाताणीत बोर्डला पीळ पडतो. म्हणून धुतल्यावर लगेच दोन्ही बाजू पुसून मी तो कडेवर उभा करते. एवढे पाळल्यामुळे आजही तो सपाट ओट्यावर जराही डगडगत नाही आणि एकही सांधा उघडलेला नाही. सिंकमध्ये भिजत ठेवणे आणि डिशवॉशर या दोन गोष्टी मात्र त्याला कधीही दाखवू नयेत.

तक्रारी आहेत. वजनामुळे चिरलेले थेट भांड्यात लोटायला तो एका हाताने उचलवत नाही. लसणाचा वास राहतो. मीठ पसरून अर्ध्या लिंबाने चोळले की तो बराचसा जातो, पण पूर्ण जात नाही. सगळ्यात खटकते ती रस अडवणारी खाच. ती कडेपासून अडीच सेंटीमीटर आत असल्यामुळे चिरायला ४० बाय २५ सेंटीमीटर एवढीच जागा उरते, म्हणजे पाव भागाहून थोडी अधिक जागा गेली. कोथिंबीर बारीक करताना पानेही त्या खाचेत अडकतात. म्हणून मी आता बहुधा उलटी, सपाट बाजू वर ठेवते आणि खाचेची बाजू कलिंगड, अननस अशा रसाळ फळांपुरती वापरते. रबरी पाय बसवलेला बोर्ड असता तर हे जमलेच नसते. निवडताना पाय नसलेला घ्यावा आणि खाली ओले फडके घट्ट पिळून अंथरावे, म्हणजे तो तसूभरही सरकत नाही.

प्लास्टिकच्या बोर्डवर कोरड्या हाताने नख फिरवून पाहावे. चऱ्यांत ते अडकू लागले किंवा बिटाचा रंग धुऊनही जाईना, तर तो बदलावा. सागवानाचे चरे घासून काढता येतात, प्लास्टिकचे घासायला गेल्यास त्याचे कणच सुटतात.