व्ह्यू दीड लाख, लॉबीत तीन जण: गेमच्या व्हिडिओ प्रमोशनमधली फसवणूक कशी चालते

पॅकेज ऐकायला झकास असतं. पंचेचाळीस हजार रुपये अधिक जीएसटी. त्यात सहा गेमिंग यूट्यूबरचे व्हिडिओ, मिळून दीड लाख व्ह्यूंची हमी, पाच हजार इन्स्टॉल 'बोनस' आणि प्ले स्टोअरवर दोनशे फाइव्ह स्टार रिव्ह्यू फुकट. नागपूरच्या धरमपेठेतल्या कॅफेत लॅपटॉप उघडून स्लाइड दाखवल्या जातात, 'भाऊ, टेन्शन नको घेऊ, विदर्भातले सगळे गेमर आपल्याच ओळखीचे' असं सांगितलं जातं आणि सत्तर टक्के रक्कम आगाऊ मागितली जाते. आमच्या चार विरुद्ध चारच्या अँड्रॉइड गेमसाठी हेच पॅकेज घेतलं होतं. व्ह्यू खरंच दीड लाखाच्या वर गेले. त्याच आठवड्यात ऐन संध्याकाळी लॉबीत (सामना लागेपर्यंत खेळाडू जिथे थांबतात तिथे) 'खेळाडू शोधत आहे ३/८' यायचं आणि आकडा तिथेच अडायचा. एजन्सीचं नाव देत नाही. उद्या तिच्या जागी दुसरी उभी राहील आणि करेल तेच, म्हणून जे लिहायचं ते पद्धतीबद्दल.

आधी हे व्ह्यू येतात कुठून ते बघू. एक वाट एसएमएम (सोशल मीडिया मार्केटिंग) पॅनेलची. हजाराच्या भावाने व्ह्यू, लाइक, सबस्क्रायबर विकणाऱ्या या साइट आहेत आणि बऱ्याच 'एजन्सी' म्हणजे पॅनेल आणि गिऱ्हाईक यांच्यामधले दलाल असतात. दुसरी वाट जास्त चलाख आहे, कारण तिच्यात खोटं असं काही सापडत नाही. यूट्यूबरच्या व्हिडिओवर गुपचूप गूगल अ‍ॅड्सची मोहीम लावायची आणि देश निवडताना सगळं जग मोकळं सोडायचं. जिथे जाहिरात स्वस्त, तिथे ती धो धो दाखवली जाते. स्किप करता येणारी जाहिरात तीस सेकंद चालली की व्ह्यू धरला जातो, आणि तो व्हिडिओखालच्या आकड्यातही मिळतो. माणसं खरी, व्ह्यूही खरा. फक्त त्या माणसाला मराठी कळत नाही आणि तो दुसराच व्हिडिओ बघायला आलेला असतो.

तिसरी वाट शॉर्ट्सची. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू मोजला जातो, किमान किती वेळ बघायचा अशी अटच नाही. पॅकेजमध्ये 'व्हिडिओ' एवढंच लिहिलं असेल आणि हाती शॉर्ट्स पडले, तर दीड लाख हा आकडा काहीच सांगत नाही.

हे पकडायचं ठिकाण म्हणजे यूट्यूब स्टुडिओ, आणि तो असतो यूट्यूबरकडे. एजन्सी स्क्रीनशॉट पाठवते. स्क्रीनशॉटला काडीची किंमत देऊ नका. ब्राउझरमध्ये 'इन्स्पेक्ट' उघडून कुठलाही आकडा बदलायला अर्धा मिनिट पुरतो. गूगल मीटवर स्क्रीन शेअर करायला लावा, पान समोर रिफ्रेश करायला सांगा. त्याहून बरं म्हणजे यूट्यूबरने चॅनेलच्या परमिशनमध्ये तुमच्या ईमेलला मर्यादित व्ह्यूअरचा हक्क महिन्याभरासाठी द्यावा. त्यात त्याची कमाई दिसत नाही, पासवर्ड द्यावा लागत नाही. ज्याचं सगळं स्वच्छ आहे त्याला यात अडचण नसते.

आत गेलात की चार गोष्टी बघा. ट्रॅफिक सोर्समध्ये 'यूट्यूब अ‍ॅडव्हर्टायझिंग'चा वाटा किती. देशांच्या यादीत भारत कितव्या नंबरवर. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सरासरी पाहण्याचा वेळ किती. तो पस्तीस-चाळीस सेकंदांवर अडकला असेल तर बाकी काही बघायची गरज नाही. आणि ४८ तासांचा तासागणिक आलेख. खऱ्या भारतीय प्रेक्षकाचा आलेख रात्री नऊ-दहाला चढतो आणि पहाटे तीन-चारला पार झोपतो. विकत घेतलेल्या व्ह्यूंचा आलेख पहाटे तीनलाही तितकाच ताठ उभा असतो.

स्टुडिओ बघायला नाही मिळाला तरी बाहेरून पुष्कळ कळतं. त्याच चॅनेलवरच्या आजूबाजूच्या व्हिडिओंना हजार-दीड हजार व्ह्यू आणि तुमच्या एकट्याला तीस हजार, हे होत नसतं. कमेंट वाचा. 'नाइस गेम ब्रो', 'सुपर व्हिडिओ', आगीचे इमोजी, बस. खऱ्या गेमरच्या कमेंटची खूण म्हणजे तक्रार: पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) किती येतो, तीन जीबी रॅमवर चालेल का, स्नायपर फार ओव्हरपॉवर्ड आहे, आयफोनवर कधी आणता. दोनशे कमेंटमध्ये एकही तक्रार नसेल तर गेम कोणी खेळलेलाच नाही. शिवाय पॅनेलचे व्ह्यू यूट्यूब पुढे कापून टाकतं, पण तोवर उरलेली रक्कमही देऊन झालेली असते.

आता मूळ मुद्दा. एकट्याने खेळायच्या गेममध्ये खोट्या व्ह्यूंनी पैसे जातात, इतकंच. टीमच्या गेममध्ये लॉबीच मरते. हिशोब करून बघा. समजा एका दिवसात ६०० नवीन खेळाडू खरोखर आले आणि प्रत्येक जण सरासरी १५ मिनिटं थांबला. ते चोवीस तासांत सारखे विखुरले तर तासाला २५, म्हणजे कुठल्याही क्षणी गेममध्ये जेमतेम सहा जण. सामना लागायला हवेत आठ. ६०० माणसं आली आणि एकही सामना धड लागला नाही. तेच ६०० जण रात्री आठ ते दहा या दोन तासांत आले, तर तासाला ३००, एका वेळी ७५ जण, म्हणजे एकाच वेळी नऊ सामने. माणसं तीच. त्यातले काही ट्युटोरियलमध्ये, काही मेनूत असतात, म्हणून प्रत्यक्षात हिशोब अजून कडक धरावा लागतो.

त्यामुळे टीमच्या गेमला व्ह्यूंपेक्षा वेळ महत्त्वाची. सहा व्हिडिओ सहा वेगळ्या दिवशी आले तर त्यांचा उपयोग नाही, मग व्ह्यू कितीही खरे असोत. ते शनिवारी संध्याकाळी दोन-तीन तासांच्या आत यायला हवेत, आणि व्हिडिओत 'आज रात्री नऊला सगळे लॉबीत' असं सांगितलेलं हवं. एजन्सीला हे नकोच असतं. तिला व्ह्यू हळूहळू 'भरायचे' असतात, म्हणून ती 'अल्गोरिदमसाठी गॅप ठेवावा लागतो' असं शास्त्र सांगते. भूगोलाचंही तेच. सर्व्हर मुंबईत असेल तर नागपूरच्या पोराला पिंग चांगला मिळतो, ब्राझीलहून आलेल्याला तीनशे मिलिसेकंदांच्या पुढे. तो चुकून आलाच, तर समोरच्यांचा सामनाही बिघडवून जातो.

आणि सगळ्यात वाईट तो 'बोनस'. पाच हजार इन्स्टॉल येतात ते बहुतेक रिवॉर्ड अ‍ॅपमधून. अ‍ॅप उतरवा, तीन मिनिटं उघडं ठेवा, थोडे पैसे मिळवा. काम देणाऱ्याने 'एक सामना खेळा' अशी अट घातली असेल तर ही मंडळी लॉबीत शिरतात, सामना लागतो, आणि पात्र जागेवरून हलत नाही. राजेहो, रिकामी लॉबी परवडली! जो एक खरा खेळाडू मोठ्या मुश्किलीने आला, त्याच्या टीममध्ये तीन पुतळे उभे. तो एक स्टार देतो, 'सगळे बॉट आहेत' लिहितो आणि जातो. पैसे देऊन आपण आपल्याच गिऱ्हाइकाला पळवून लावलं, असा हा सौदा.

असे इन्स्टॉल सर्व्हरच्या लॉगमध्ये लगेच ओळखू येतात. सेशनची लांबी तीन मिनिटं पाच-सात सेकंद या एकाच जागी गोळा झालेली असते. सामन्यात स्क्रीनला एकही स्पर्श नसतो. तीच ती दोन-चार फोन मॉडेल किंवा एम्युलेटर (संगणकावर फोनचं सोंग करणारं सॉफ्टवेअर) दिसतात आणि दुसऱ्या दिवशी परतणारे जवळपास शून्य. कोणाकडून काहीही घ्यायच्या आधी गेममध्ये तीन गोष्टी करून ठेवा. तीस-चाळीस सेकंद हालचाल नसेल तर बाहेर काढणं. रिकाम्या जागी संगणकाचे खेळाडू भरणं, आणि ते संगणकाचे आहेत हे उघड दाखवणं. आणि नवीन खात्याला पहिला सामना संगणकाशीच खेळायला लावणं. तो पूर्ण केल्याशिवाय खऱ्या लोकांच्या रांगेत प्रवेश नाही. पैशासाठी आलेला तिथेच गळतो.

फाइव्ह स्टार रिव्ह्यूंबद्दल एवढंच: विकतचे रिव्ह्यू प्ले स्टोअरच्या नियमात बसत नाहीत, ते उडतातच, सोबत अ‍ॅपही उडू शकतं. फुकट दिले तरी नको म्हणा.

मोजमाप स्वतःच्या हातात ठेवा. प्रत्येक यूट्यूबरला यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) लावलेली वेगळी प्ले स्टोअर लिंक द्या. कोणत्या लिंकवरून किती आले ते प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्यासाठीच्या गूगलच्या पानावर, दिसतं. 'लिंक लांब दिसते, आमची छोटी लिंक लावू' असं एजन्सी म्हणाली तर ठाम नाही म्हणा, कारण तिच्या लिंकचे क्लिक तीच मोजते आणि तीच वाढवते. लिंकपेक्षा पक्कं साधन म्हणजे गेममधला कोड. प्रत्येक व्हिडिओचा एक कोड, तो टाकला की एखादी स्किन (पात्राचं नवं रूप) मिळते, पण तीन सामने पूर्ण झाल्यावरच. स्किनला आपला खर्च नाही, आणि सर्व्हरवरचा हा आकडा दुसऱ्या कोणाला सहज फुगवता येत नाही. दीड लाख व्ह्यूंमागे असे कोड चाळीस-पन्नासच निघाले, तर काय विकत घेतलं ते कळतं.

गेमची पीसी आवृत्ती स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात पैसे घेऊन विकणार असाल तर आणखी एक जमात भेटेल. स्टोअरचं पान दिसायला लागलं की 'आम्ही क्युरेटर (स्टीमवर गेमची शिफारस करणारे) आहोत', 'आमचं मोठं चॅनेल आहे' असे ईमेल येऊ लागतात. 'टीमचा गेम आहे ना, मग आठ की द्या, सगळे मिळून खेळू' (की म्हणजे गेम मिळवून देणारा कोड) ही मागणी पटण्यासारखी वाटते, आणि त्या आठही की दुसरीकडे विकायला लागतात. ईमेलचा पत्ता ओळखीच्या यूट्यूबरसारखाच असतो, एखादं अक्षर तेवढं इकडेतिकडे. आलेल्या ईमेलला उत्तर देऊ नका. चॅनेलच्या माहितीत जो पत्ता आहे, त्यावर नवीन ईमेल टाकून विचारा. क्युरेटरला स्टीमच्या क्युरेटर कनेक्टमधूनच प्रत पाठवा, तिथे की लागत नाही. चाचणीसाठी स्टीम प्लेटेस्ट आहे, तिथे तर कीचा प्रश्नच नाही.

पासवर्ड लावलेली झिप फाइल 'कॅम्पेन ब्रीफ' म्हणून आली तर उघडू नका. आत पीडीएफसारखं चिन्ह असलेली एससीआर किंवा ईएक्सई फाइल, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम असतो. पासवर्ड लावलेला असतो तो अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून. ती चालली की ब्राउझरमधलं लॉगइन केलेलं सेशन चोरीला जातं, तिथे दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशनही कामी येत नाही. गेमचं चॅनेल आणि डिस्कॉर्डवरचा खेळाडूंचा ग्रुप दोन्ही एकदम हातचे जातात.

पैसे द्यायच्या आधी यादीतल्या प्रत्येक यूट्यूबरला थेट विचारा की ही एजन्सी तुमच्या वतीने बोलते का. बरेचदा त्याला एजन्सीचं नावही माहीत नसतं. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की कोणाचा आहे आणि चालू आहे का ते फुकटात कळतं. नंबर रद्द झालेला किंवा भलत्याच धंद्याचा निघाला, किंवा बिल फर्मच्या नावाने आणि पैसे कोणाच्या तरी खासगी यूपीआयवर मागितले, तर १८ टक्के जीएसटी सरकारकडे जाणार नाही हे धरून चाला.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करा आणि त्यात आकडे घाला. जाहिरातीतून आलेले व्ह्यू हमीत धरले जाणार नाहीत. किमान सत्तर टक्के प्रेक्षक भारतातले. व्हिडिओच्या लांबीचा किमान पाव हिस्सा सरासरी पाहिला गेलेला. लिंक डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये. व्हिडिओ ९० दिवस सार्वजनिक. प्रकाशनाची तारीख आणि तास. रक्कम तीस टक्के आगाऊ, चाळीस सगळे व्हिडिओ लागल्यावर, उरलेली तीस महिन्याने आकडे बघून. 'पेड प्रमोशन'चं लेबल लावू नका, व्ह्यू पडतात, हा सल्ला ऐकू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेस १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि जाहिरात तुमची असल्याने तुम्हीही त्यातून सुटत नाही. त्याच डिस्क्रिप्शनमध्ये कलर प्रेडिक्शन (रंगावर पैसे लावायचा खेळ) किंवा रमीची लिंक दिसली तर तुमचा व्हिडिओ तिथून काढायला लावा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावायच्या गेमची जाहिरातही गुन्हा ठरवली आहे.

खरं तर पंचेचाळीस हजारांत नागपुरात यापेक्षा बरंच काही होतं. व्हीएनआयटीच्या अ‍ॅक्सिससारख्या फेस्टमध्ये सोळा फोनची स्पर्धा लावली, लहान पण खऱ्या चॅनेलच्या दोघा-तिघांना तिथे बोलावलं, आणि त्याच रात्रीची वेळ ठरवून दिली, तर पहिले सामने भरतात. एजन्सीची गरज त्यात कुठेच नाही.

पैसे गेलेच असतील तर वेळ बघा. यूपीआयने नुकतेच गेले असतील आणि समोरचा गायब असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि सायबरक्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली गेली तरच हाती लागते. व्ह्यू दिले पण खोटे दिले, या प्रकारात सायबर पोलीस ठाण्यात 'हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा' असं ऐकायची तयारी ठेवा. पोलिसांत 'काम नीट केलं नाही' असं सांगून भागत नाही. सुरुवातीपासून फसवायचाच इरादा होता हे दिसावं लागतं: बदललेले स्क्रीनशॉट, ज्याला पत्ताच नाही अशा यूट्यूबरचं नाव, खोटा जीएसटी नंबर. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ यावरच उभं राहतं. ग्राहक आयोगात 'व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा' हा आक्षेप येतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून गेम करत असाल तर मात्र तिथे बोलायला जागा आहे, त्यासाठी वकिलाला आधी विचारा.

पुरावा गोळा करायचा तो भांडण सुरू व्हायच्या आधी. पैसे परत मागितले की पहिल्यांदा व्हिडिओ प्रायव्हेट होतो, मग व्हॉट्सअ‍ॅपवरचे ताजे मेसेज 'सगळ्यांसाठी डिलीट' व्हायला लागतात. म्हणून पहिला तक्रारीचा मेसेज टाकण्याआधी चॅट एक्सपोर्ट करा, व्हिडिओच्या पानाचं पत्त्यासह स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या, प्ले कन्सोलची सीएसव्ही आणि सर्व्हरचे मूळ लॉग उतरवून ठेवा, आणि हे ज्या फोनवर, ज्या संगणकावर आहे तो फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, डिजिटल पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र जोडताना कोणत्या यंत्रातून काय काढलं ते लिहून द्यावं लागतं.