खळीचा तागा

बंद पडलेल्या मिलच्या गोदामातला जुना कॅनव्हास, अशी थाप मारून सध्या खान्देशात एक कापड विकलं जातंय. सगळा व्यवहार फोनवर, अख्ख्या ताग्याच्या हिशोबात आणि "माल संपत आलाय" अशी घाई लावून. बाइंडिंगवाले, पिशव्या शिवणाऱ्या बाया, आमच्यासारखे घडीचं डेस्क करणारे, सगळ्यांपर्यंत तो माणूस पोचतो. मला त्याने नऊ हजाराला गंडवलं. नुकसान मात्र नऊ हजारावर थांबलं नाही. त्या कापडावर चढवलेलं प्लाय, डिंक, मजुरी आणि चोपडा-अमळनेर भागात कमावलेलं नाव, सगळ्याला फटका बसला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काम समजून घ्या, नाहीतर एका कापडाने एवढं काय बिघडतं ते कळणार नाही. जुन्या पेढीवर मुनीमजी मांडी घालून ज्यावर वही लिहायचे, त्या डेस्कचं हलकं, घडी घालून काखेत मारता येईल असं रूप आम्ही करतो. लाकूडकाम धाकट्या भावाचं. कापड, डिंक आणि बिजागरी माझी. घेणारे म्हणजे अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं, वकील, कीर्तनकार, निवृत्त मास्तर.

नऊ मिलिमीटर प्लायच्या दोन पाट्या आणि मधे बिजागरी. पाय खाचेत बसतात आणि घडी घालताना काढून ठेवता येतात. एवढ्या पातळ प्लायला पितळी बिजागरी नीट धरत नाही. स्क्रू आखूड घेतला तर काही दिवसांत ढिला होतो, लांब घेतला तर त्याचं टोक वरून डोकावतं. शिवाय सगळी ओढ दोन-तीन जागीच येते. कापडाची पट्टी सांध्याच्या पूर्ण लांबीला धरते, गंजत नाही, वजन वाढवत नाही.

ही पट्टी लावायची ती खालच्या अंगाने. डेस्क उघडलं की पाट्यांच्या वरच्या कडा एकमेकींना भिडतात. लिहिणाऱ्याने मधोमध कोपर टेकलं की सांधा खाली दबायला बघतो, वरच्या कडा त्याला अडवतात आणि खालच्या कापडाला ओढ बसते. म्हणजे ही बिजागरी नुसती घडी घालण्यापुरती नसते, लिहिणाऱ्याच्या हाताचा भार तीच पेलते. म्हणून पट्टी कापताना ताणा, म्हणजे ताग्याच्या लांबीतला उभा धागा, एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर जाईल असा ठेवायचा. कापडात जोर सहसा ताण्यातच जास्त असतो. अशा पट्ट्या ताग्याच्या पन्ह्यातून, म्हणजे रुंदीतून, आडव्या निघतात, वाया थोडं जास्त जातं, पण दुसरा मार्ग नाही. प्लायची खालची कड पॉलिश पेपरने गोल करायची, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना तीनेक मिलिमीटर जागेत डिंक लावायचा नाही. डिंक मुरलेलं कापड घडीवर कडक होतं आणि तिथेच मोडतं. ही कोरडी तीन मिलिमीटरची जागा पुढे फार कामाला आली.

आम्हाला कापड लागतं चारशे जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला चारशे ग्रॅम भरणारं, शुद्ध सुती, दोनपदरी धाग्याचं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं, तेव्हा आलेल्या काही मंडळींनी आमचं डेस्क पाहिलं आणि मागण्या वाढल्या. चोपड्याच्या एका अभ्यासिकेची मोठी ऑर्डरही त्याच सुमारास आली. कापडाची चौकशी चालू आहे हे बाजारात कळायला वेळ लागत नाही. या विकणाऱ्याचा फोन आला.

बोलणं एकदम गोड. "ताई, मिलचा माल आहे, आता असं कापड विणतंय कोण? डोळे मिटून घ्या." सुरत-भुसावळ रेल्वे लाइनवरच्या एका गावाचं नाव सांगायचा. आमच्याकडे हे बोलणं लगेच पटतं. अमळनेर, धुळे, चाळीसगाव, जळगाव, चारही गावांत एकेकाळी मिलचे भोंगे वाजायचे. मिलमध्ये नोकरी केलेला एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत निघतो. मिलचं कापड म्हटलं की इथला माणूस निम्मा विकत घेऊन मोकळा होतो. त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

ओळखीतले विचारतात, "तपासलं नव्हतं का?" तपासलं होतं. त्याने हातभर नमुना पाठवला, तो धुतला, जाळला, त्याची बिजागरी करून तिला डाळीचं पोतं टांगलं. नमुना अव्वल होता. मग भाव ठरला, एकशे ऐंशी रुपये मीटर, पन्नास मीटरचा तागा. निम्मे पैसे यूपीआयने, बाकीचे बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, सोडवताना. तागा आला तसा वरच्या पदराचा तुकडा कापून नमुन्याशी ताडून पाहिला. तंतोतंत तोच. फसवणुकीची खरी कारागिरी इथेच होती. वरचे काही मीटर खरोखर नमुन्याचं कापड होतं, आणि त्याच्या आत दुसरंच कापड शिवून जोडलेलं. कापताना सांधा लागला, पण ताग्यात सांधा असतोच. तेवढा भाग कापून टाकतात आणि पुढे जातात. सांध्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं कापड हाताला सारखंच लागत होतं. रंग तोच, जाडी तीच, कडकपणा उलट थोडा जास्तच.

पहिली डेस्कं वरच्या कापडाची झाली. ती आजही धडधाकट आहेत. अभ्यासिकेची सगळी आतल्या कापडातली.

पाऊस सुरू झाला आणि चोपड्याहून फोन आला की डेस्कं मधून झोल खातायत, लिहिताना पेन घसरतंय. जाऊन एक उलटं केलं. घडीच्या रेषेवर कापड पांढरं पडलेलं. बोट फिरवलं तर पिठासारखी भुकटी बोटाला आली. भुकटी झाडली तर खाली धाग्यांची जाळी उरलेली, उजेडाला धरली तर आरपार खिडकी दिसावी इतकी विरळ. काही डेस्कांना कडेने झुरळांनी कुरतडलं होतं. खळीवर झुरळं येतातच, जुन्या बाइंडिंगची पुस्तकं सांभाळणाऱ्याला हे सांगायला नको. एक तुकडा आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंपीबाबांना दाखवला. त्यांनी तो दोन्ही अंगठ्यांत धरून चुरगळला, फुंकर मारली आणि म्हणाले, "ताई, हाई कापड नही शे, नुसती खय शे." म्हणजे हे कापड नाही, नुसती खळ आहे.

पातळ, उघड्या विणीच्या कापडाला दाट खळ आणि भरीला पांढरी माती चढवली, वरून दाबून इस्त्री केली, की ते जाड कॅनव्हाससारखं उभं राहतं. वजनही भरतं. मी आतल्या कापडाचा दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून सराफाकडे नेला; त्यांचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. अशा चौकोनाचं ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर केलं की जीएसएम मिळतं. चार ग्रॅम भरलं, म्हणजे चारशे जीएसएम, बोलल्याप्रमाणे. मग तोच चौकोन सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवला, चोळला, पाणी बदलत राहिले. पहिलं पाणी भाताच्या पेजेसारखं निघालं. वाळवून पुन्हा काट्यावर ठेवला तर सव्वादोन ग्रॅम. बाकीची सगळी खळ आणि माती, आणि त्याचे पैसे मी कापडाच्या भावाने मोजलेले. नमुन्याचा चौकोन असाच धुतला तर तो जेमतेम दोन-तीन दशांश ग्रॅमने उतरला.

काही जण टिंचर आयोडीनचा थेंब टाकून पाहायला सांगतात. खळ असेल तर डाग निळा-काळा होतो हे खरं, पण विणताना ताण्याला बहुतेक वेळा थोडी खळ लावतात, त्यामुळे चांगल्या कोऱ्या कॅनव्हासवरही डाग निळसर येऊ शकतो. त्यावरून भांडायला गेलात तर विकणारा तुम्हालाच शिकवेल. धुण्याआधीचं आणि धुतल्यानंतरचं वजन, याला त्याच्याकडे उत्तर नसतं.

धागे उसवून पाहिले. चांगल्या कॅनव्हासचा ताण्याचा धागा उलटा पिळला की त्याचे दोन पदर सुटे होतात. याचा एकपदरी, उलटा पिळला की तुटून हातात. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा जाळला तर कागद जळल्याचा वास आणि मऊ राखाडी राख यायच्या ऐवजी तो वितळून आक्रसला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. म्हणजे शुद्ध सुतीही नाही. असल्या धाग्यात आमचा पांढरा डिंक मुरत नाही, नुसता वर बसतो.

फोन लावला. आधी उचलला. "ताई, तुमच्याकडचं ऊन बघा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातं, डिंक सुटला असेल, कापडाला का दोष देता?" उत्तर तयारच होतं, आणि ऐकायला खरंही वाटतं. पांढरा डिंक उन्हाने नरम पडतो, हे मीही गिऱ्हाईकांना सांगते की डेस्क उभ्या गाडीत ठेवू नका. पण आमची पट्टी डिंकातून सुटलीच नव्हती. डिंक लागलेला भाग पाट्यांना घट्ट होता. फाटलं होतं ते मधल्या कोऱ्या तीन मिलिमीटरात, जिथे डिंकाचा थेंब नाही. हे फोटो काढून पाठवले. मग म्हणाला, "तुम्ही माल कापलाय, कापलेला माल परत नाही." अहो, कापल्याशिवाय आतलं दिसणार कसं, हे विचारलं आणि नंबर ब्लॉक.

कागद बघायला घेतले तर ज्याला तो बिल म्हणत होता त्यावर "एस्टिमेट" लिहिलेलं, कापडाच्या जागी नुसतं "कॅनव्हास", जीएसएम नाही, सुती नाही. जीएसटी नंबर मात्र ऐटीत छापलेला. पहिले दोन आकडे २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ म्हणजे गुजरात. याचं गाव एका राज्यातलं आणि नंबर दुसऱ्या राज्याचा. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. तिथे निघालेल्या नावाचा यूपीआयवरच्या नावाशी काही संबंध नव्हता. त्या बिचाऱ्याचा नंबर यानेच उचललेला असणार, म्हणून ते नाव मी कुठे घेत नाही.

तक्रारीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला पहिल्यांदा उलटंच सांगण्यात आलं. "तुम्ही धंद्यासाठी माल घेतला, तुम्ही ग्राहक नाही," असं सांगून लोक वाटेला लावतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठीची खरेदी वगळली आहे हे बरोबर. पण फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत, हे त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय. घरच्या घरी दोन माणसांनी चालवलेलं काम असेल तर हा मुद्दा तक्रारीतच मांडा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. गरज पडली तर आयोग माल प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून उरलेलं कापड धुऊ नका, विकू नका. माझ्याकडे नमुन्याचा उरलेला तुकडा, सांध्याची शिवण असलेला तुकडा आणि राहिलेला तागा पोत्यात शिवून ठेवलाय, बिल्टी आणि व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याच्या छापील प्रतींसह. तक्रार दाखल आहे.

अभ्यासिकेची डेस्कं परत आणून बिजागऱ्या नव्याने लावून दिल्या. जुनी पट्टी गरम पाण्याच्या फडक्याने नरम करून खरवडायची, प्लाय वाळवायचं, पुन्हा घासायचं; नवं डेस्क करण्यापेक्षा हे काम किचकट. अभ्यासिकेच्या संचालकांनी एका शब्दाने दुखावलं नाही, पण पुढची ऑर्डर अजून दिलेली नाही.

आता कापड घेताना मी तागा पुरता उलगडून घेते, अगदी आतल्या टोकाचा चौकोन धुऊन तोलते आणि मगच बाकीचे पैसे देते. खरा दुकानदार याला नाही म्हणत नाही. सांधा असेल तर तो आधीच चिठ्ठी लावून दाखवतो आणि तेवढं कापड मापात जास्त देतो. बिलावर "सुती, दोनपदरी, धुतल्यावर ३८० जीएसएमपेक्षा कमी नाही" असं लिहून मागते. लिहायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून घेत नाही.

हा माणूस थांबलेला नाही. गेल्या महिन्यात धुळ्याच्या एका बाइंडरने मला त्याची नवी जाहिरात दाखवली, नंबर दुसरा, आवाज तोच. आता कापडाला "फोल्डिंग डेस्क स्पेशल" असं नाव दिलंय. फोटोत तागा उभा, वरचा पदर थोडा सोडलेला, आणि ताग्याचं टोक कापलेलं, जिथे मिलचा शिक्का असतो तो भागच नाही. तुम्हाला फोन आला तर पैसे पाठवण्याआधी त्याला सांगा, तागा पूर्ण उलगडून आतल्या टोकाचा व्हिडिओ पाठव. मी दुसऱ्या नंबरवरून गिऱ्हाईक बनून मागितला होता. त्याने लगेच फोन ठेवला.