नाताळचे ब्लाउज आणि सरळ 'नाही' म्हणणारी टेलर ताई

दारव्ह्याकडच्या आमच्या पट्ट्यात कोणत्याही टेलरकडे जा, उत्तर एकच, होऊन जाईल ना ताई, टाकून जा. अन् तारखेला गेलं की कापड तसंच पिशवीत. डिसेंबरात तर विचारूच नका, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, कापूस वेचणीचा पैसा हातात, त्यात आम्हा ख्रिस्ती लोकांचा नाताळ. म्हणून बाजारओळीतल्या या ताईबद्दल लिहून राहिली मी, कारण ती नाही म्हणते.

तिच्याजवळ एक लांब वही आहे, प्रत्येक तारखेखाली मोजक्या ओळी, भरल्या की लाल पेनाने रेघ. रेघेखाली कोणाचंच नाव येत नाही, सरपंचाच्या घरचं असो का पास्टरच्या. माझ्यासमोर एक काकू म्हणे, "अवं एकच ब्लाउज आहे, घुसव ना कुठीतरी." ताई म्हणाली, "काकू, तुमचं घुसवलं तर कोणाचं तरी बाहेर काढा लागते. नाही होत." मशीन बिघडली, लाईन नव्हती, असलं काहीच नाही. काकू तणतणत गेल्या, पण दुसरीकडे टाकायला त्यांना वेळ तर मिळाला! बायबलात मत्तय ५:३७ मध्ये होय तर होय, नाही तर नाही असं बोला म्हटलंय, ते असं असते.

रविवारी दुकान बंद. मदतीला येणाऱ्या पोरीलाही सुट्टी, अन् ती पोरगी ख्रिस्ती नाही. निर्गम २० मधल्या विसाव्याच्या आज्ञेत दास, दासी, गुरंढोरं, दाराशी राहणारा परका सगळे येतात, मालक चर्चमध्ये अन् मजूर कामावर हे त्यात बसतच नाही.

मला हे एवढं का भावलं तर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायांमुळे. महिला सभा, संडे स्कूल, कॅरलवाल्यांचा चहा, वरून बचत गटाचा हिशोब, सगळं त्याच चार जणींवर, अन् नाही म्हणायची लाज वाटते, जणू प्रभूची सेवाच नाकारली. मार्क १ वाचा बरं नीट. कफर्णहूम गावात संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं, येशूने कितीक आजारी बरे केले, अन् पहाटे अंधारातच उठून तो एकांतात प्रार्थनेला गेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला, सगळे तुम्हाला शोधून राहिले म्हणे. तरी येशू मागे फिरला नाही, आजूबाजूच्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच आलो, असं म्हणाला. दाराशी तेव्हाही लोक असतीलच ना! गरज खरी असते, पण दरवेळी ती आपल्याच नावाची नसते. निर्गम १८ मध्ये इथ्रो मोशेला, इस्राएल लोकांच्या पुढाऱ्याला अन् स्वतःच्या जावयाला, हेच सांगतो की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसशील तर तूही थकशील अन् लोकही, हजारावर, शंभरावर, पन्नासावर, दहावर माणसं नेम. हे पाळक साहेबांनी नाताळाआधी एकदा वाचून दाखवावं असं मला मनापासून वाटते.

बरं, आता शिवण. मुंढा बरोबर बसतो, बाही ओढत नाही, काज हाताचे, आतून ओव्हरलॉक, अन् बाजूला दोन बोटं कापड सोडते म्हणजे पुढे उसवता येते. माझ्या मागच्या गळ्याची पाइपिंग एका ठिकाणी जाड आली होती, दाखवली तर तिथंच उसवून नीट करून दिली. शिलाई बाकीच्यांपेक्षा जास्त आहे पण तारीख म्हणजे तारीख. पिको-फॉल करत नाही. दुकान बंद झालं की फोन उचलत नाही, तो तिचा हक्कच आहे, पण बाहेरगावून येणारीची चक्कर वाया जाते, तर वही भरली एवढं तरी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकत जावं.

नाताळचं टाकायचं असेल तर दिवाळी झाली की लगेच जा. अस्तर धुऊन वाळवून न्या, अन् मापाचं जुनं ब्लाउज सोबत ठेवा.