टेंकारा साटो: फलाचनसारख्या अरुंद ओढ्यासाठी रीळ नसलेली काठी

हिमाचलात ट्राउट मासा म्हटलं की सगळे तीर्थन नदीवर जातात. गुशैणीला तिला मिळणाऱ्या फलाचनकडे फारसं कुणी वळत नाही. पात्र अरुंद, वर झाडं, दगडांमागे हातभर रुंदीचे डोह. इथे नऊ फुटी काठी आणि रीळ अडचणच करतात. टेंकारा म्हणजे रीळ न वापरता काठीच्या शेंड्यालाच लाइन बांधून मासे धरण्याची जपानी पद्धत. टेंकारा यूएसए या कंपनीची साटो ही तशीच काठी इथे शोभते.

काठी दुर्बिणीसारखी उघडते. मिटल्यावर जेमतेम ५७ सेंमी, वजन पाऊणशे ग्रॅमच्या आत. लांबी तीन टप्प्यांत बदलते: साधारण ३.२५, ३.६ आणि ३.९ मीटर. फांद्यांखाली सर्वांत आखूड, मोकळ्या जागी पूर्ण. आखूड केल्यावर ती थोडी ताठ वाटते, पण फेक बिघडत नाही.

साडेतीन नंबरची फ्लुरोकार्बन लाइन (मुख्य दोर) ३.२५ मीटर कापा, पुढे मीटरभर ५एक्स जाडीचं टिपेट (टोकाचा बारीक धागा), टोकाला १२ नंबरची केबारी, म्हणजे गळावर बांधलेली बनावट माशी. टिपेट याहून जाड नको. अडकल्यावर आधी तेच तुटलं पाहिजे, शेंडा नव्हे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या बाजूने येऊन वर फेका. काठी उंच धरली की लाइन हवेत राहते, पाण्यात फक्त टिपेट आणि माशी. मधला वेगवान प्रवाह लाइन ओढत नाही, माशी पलीकडच्या संथ पाण्यात आपसूक वाहते. या काठीचे पैसे वसूल होतात ते इथे.

मोडते ती बहुधा हाताळणीतच. उघडताना शेंड्याकडून, मिटताना मुठीकडच्या जाड भागापासून सुरुवात करा. उलट केलं तर बारीक शेंडा मोडू शकतो. गळ दगडात अडकला तर काठीने हिसका देऊ नका. काठी मिटून लाइन हाताने ओढा. सांध्यात वाळू गेली की भाग घट्ट बसतात, म्हणून घरी बुडाचं झाकण काढून सगळे भाग धुवा आणि पूर्ण वाळवा. विजेच्या तारांखाली ती कधीही उघडू नका, कार्बनमधून वीज वाहते.

मोठा मासा प्रवाहाबरोबर खाली धावला तर सोडायला जादा दोर नसतो, तुम्हालाच काठाने धावावं लागतं. मोठ्या नदीसाठी ही काठी घेऊ नये. सुटे भागही परदेशातून मागवावे लागतात. शेंड्याकडचे तीन आधीच घेऊन ठेवा.

मत्स्य विभागाचा परवाना काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. मे-जूनमध्ये वितळलेल्या बर्फाने पाणी वाढतं आणि गढूळ होतं, त्यापेक्षा मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा.