सोलर पॅनल स्वतः धुवावे की माणूस लावावा?

सोलापूरच्या मामेभावाने गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय, ५४० वॅटचे ६ पॅनल, आणि आता विचारतोय की स्वतः धुऊ की वर्षाचं कंत्राट देऊ.

खर्चाचं म्हणाल तर स्वतः केलं की लांब दांड्याचा मऊ मॉप, पाइप आणि वायपर, एकदाच घ्यायचं. कंत्राटात दर फेरीला पैसे जातात, त्यामुळे ६ पॅनलसाठी मला तरी ते जड वाटतं.

खरा मुद्दा पाण्याचा आहे. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर वाळल्यावर पांढरे डाग बसतात आणि ते मातीपेक्षा चिवट, म्हणून नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या आणि लगेच वायपर मारा. माणूस लावला तरी तो कुठलं पाणी वापरतो ते बघाच. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी अजिबात नको, काच तडकू शकते, सकाळी उन्हं चढायच्या आत उरका. घासणी, वॉशिंग पावडर, प्रेशर वॉशर नको आणि पॅनलवर पाय तर कोणीच ठेवायचा नाही, आतल्या सेलला बारीक चिरा जातात, वरून दिसत पण नाहीत.

मेहनत उन्हाळ्यात, दर १०-१५ दिवसांनी. पावसाळ्यात जवळपास सुट्टी, फक्त कबुतरांची घाण तेवढी बघायची.

गच्ची सपाट आणि हात पोचत असेल तर स्वतःच करा. पत्र्याचं उतरतं छप्पर, उंच स्ट्रक्चर किंवा घरात फक्त वयस्कर माणसं असतील तर कंत्राटच द्या, तिथे पैसे वाचवायला जाऊ नका. वायरिंग, इन्व्हर्टर मात्र दोन्हीकडे इलेक्ट्रिशियनकडूनच.