मारियामातेचं जन्मस्थान: जेरुसलेम की सेफोरिस?

पवित्रभूमीच्या टूरमध्ये बेथलेहेम, नाझरेथ, कफर्णहूम ठरलेलंच असतं. घोळ होतो तो मधल्या मोकळ्या अर्ध्या दिवसाचा. मारियामातेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, जन्मस्थानी जायचं म्हटलं तर दोन जागा पुढे येतात: जेरुसलेमच्या जुन्या शहरातलं संत ॲनाचं चर्च, नाहीतर नाझरेथपासून सहाएक किलोमीटरवरचं सेफोरिस. बायबल याबाबत गप्प आहे. जोकिम आणि ॲना ही मारियेच्या आईबापांची नावंसुद्धा दुसऱ्या शतकातल्या, बायबलबाहेरच्या ग्रंथातून आलेली. तेव्हा खरी जागा कोणती हा वाद बाजूला ठेवून, आपल्याला काय मानवेल एवढंच बघावं.

सेफोरिस बघण्यासारखं आहे, यात शंका नाही. येशूच्या काळी गालील प्रांतावर राज्य करणाऱ्या हेरोद अंतिपाची ही राजधानी. सुमारे ५७० साली इटलीतून आलेल्या एका यात्रेकरूने इथे मारियेची टोपली पाहिल्याचं लिहून ठेवलंय, म्हणजे परंपरा काही कालची नव्हे. आज ते राष्ट्रीय उद्यान आहे. रोमन थिएटर, टेकडीवरचा बुरूज, आणि 'गालीलची मोनालिसा' म्हणतात तो मोझॅइकमधला बाईचा चेहरा. त्याच फरशीवर मद्यदेव डायोनिसस आणि हेराक्लिस यांची पिण्याची पैजही रंगवलेली आहे.

माझं घोडं अडलं ते इथेच. तिकीट काढून, उन्हात टेकडी चढून सगळं पाहून झालं, तेव्हा सासूबाईंनी गुडघा चोळत विचारलं, "अहो, पण ॲनाचं घर कुठाय?" गाइडने खाली कुठेतरी हात केला. संत ॲनाच्या जुन्या चर्चचे अवशेष उद्यानाच्या फेरीत येतच नाहीत. ते बाजूच्या मठाच्या आवारात आहेत, तिथे आधी विचारून जावं लागतं. आमच्या टूरवाल्याने विचारलं नव्हतं. पैज बघायला मिळाली आणि जिच्यासाठी आलो तिची जागा भिंतीपलीकडे राहिली. इतिहासाची आवड असणाऱ्याला याचं काही वाटणार नाही कदाचित. आमच्या बसमधल्या बायका मात्र परतीच्या वाटेवर गप्प होत्या.

जेरुसलेमला कटकटी नाहीत असं नाही. दुपारी चर्च बंद असतं. जन्मस्थान म्हणून दाखवतात त्या तळघरातल्या गुहेत उतरायच्या पायऱ्या अरुंद आहेत. शिवाय चार पावलांवर ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांनी आपलं वेगळं जन्मस्थान दाखवणारी पाटी लावली आहे, ती बघून म्हातारी माणसं गोंधळतात. पण सिंहदरवाज्यातून आत शिरलं की दोन मिनिटांत तुम्ही थेट जागेवर असता.

इमारत बाराव्या शतकातली, क्रुसेडरांची, म्हणजे धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपीय ख्रिस्ती लोकांची. ११९२ साली सलाहुद्दीनने तिथे मदरसा काढला. दारावरचा अरबी शिलालेख अजून आहे. १८५६ मध्ये उस्मानी सुलतानाने ती तिसऱ्या नेपोलियनला देऊन टाकली, त्यामुळे आजही मालकी फ्रान्सची. आत सजावट जवळजवळ नाहीच. नुसता दगड, आणि त्या दगडात आवाज असा घुमतो की आमच्या वसईच्या आठ-दहा बायकांनी 'नमो मारिया' म्हटलं, तर शेवटचा सूर ओठ मिटल्यावरही वर कमानीत फिरत होता. एरवी पेटीशिवाय ज्यांचा सूर लागत नाही, त्या या बायका. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

मठात आधी बोलणं झालं असेल आणि सोबत गुडघेदुखीवाले नसतील, तर सेफोरिसही जरूर करा. नाहीतर जेरुसलेम. ८ सप्टेंबरच्या, मारियेच्या जन्माच्या सणाच्या आसपास, म्हणजे इकडे बांद्र्याला मोतमाउलीची जत्रा असते तेव्हा, जमलं तर उत्तम, फक्त गर्दी धरून चाला. सकाळी लवकर गाठा. शेजारचा बेथेस्दाचा हौद, जिथे येशूने आजाऱ्याला बरं केलं असं बायबल सांगतं, तो नंतर बघता येतो. आणि गीत बसमध्येच ठरवून ठेवा. आत गेल्यावर कुठलं म्हणायचं यावर कुजबुज सुरू झाली, की मागे थांबलेला गट आपलं सुरू करतो.